ओलं वजन, सुकं वजन

दर मंगळवारी बिलामसिंग चोरलहून येतो
पहिल्या बसने, मांडीवर सेवेचा पत्र्याचा डबा.
डब्यात सेव नसते.
रबराने आवळलेल्या झाकणाखाली
करवंदीची पानं, सालईची एखादी डहाळी,
आणि कागदात वेगळा बांधलेला पाचोळा.

मी खंडवा रोडवरच्या तळमजल्यात तराजू सांभाळते.
काचेच्या पेटीतला तराजू, श्वासानेही हलतो,
म्हणून आकडा उतरवून होईपर्यंत
आम्ही दोघं तोंड मिटून उभे.
मग ओव्हन. ऐंशी अंश, दोन रात्री.
गुरुवारी पुन्हा वजन.
गेलं ते पाणी.
राहिलं ते पान.

पहिल्या वर्षी तो हसला होता:
"एक सौ चालीस परसेंट? मॅडम, सौ के ऊपर कैसे?"
म्हटलं, सुकं पान जेवढं भरतं
त्याहून जास्त पाणी त्याने अंगात बाळगलंय.
त्याने मान डोलावली,
नात्यातल्या कुणाची कमाई ऐकून
डोलावतात तशी.

यंदा पाऊस ऑगस्टातच उठून गेला.
वही अशी:
डिसेंबर, एकशे बारा.
जानेवारी, एकशे दोन.
फेब्रुवारीचा दुसरा गुरुवार, ब्याऐंशी.
मी पुन्हा मोजलं. तराजूला दोष देऊन पाहिला.
ब्याऐंशी.

सागाचं तोच सांगतो:
मार्चात टाकायची पानं संक्रांतीलाच टाकली.
साग शहाणा.
मुळाशी ओल संपली की आधी पानांची दारं लावून घेतो,
तरी भागेना तर पानंच सोडून देतो,
घरातली खाणारी तोंडं कमी करावीत तसा.
ती सगळी तोंडं दाराबाहेर
गुडघाभर साचून राहतात, वाजतात.
"ससा गेला तरी माणूस वाटतो," बिलामसिंग म्हणतो.
झाडाने वाचवलेलं
आणि आगीला लागणारं
एकाच ढिगात.

पुढच्या मंगळवारी त्याला आकडा सांगितला.
तो बराच वेळ रबराशी खेळत राहिला.
मग म्हणाला, आई मोहाखाली जाळते.
जमीन साफ असली की पहाटे पडलेलं फूल दिसतं.
अंगणाएवढी जागा, हातात हिरव्या फांदीचा झाडू,
लुगड्याचा काठ खोचलेला.
आजवर आग करवंदीच्या जाळीपाशी यायची,
फुसफुसायची, काळा धूर सोडायची,
आणि तिथंच बसायची.
आई तीच, काडी तीच.
यंदा जाळी तिला बसवणार नाही,
एवढंच त्या ब्याऐंशीचं म्हणणं.

मी अहवालात लिहिलं: जिवंत इंधनातील आर्द्रता.
वर सही, खाली शिक्का, आवक क्रमांक.
तो म्हणाला, "आईला काय सांगू? ब्याऐंशी सांगू?"

मला उत्तर सुचलं नाही.
डब्यातलं आजचं पान त्याच्या हातावर ठेवलं.
त्याने दुमडलं. पान दुमडत गेलं,
आणि मधल्या शिरेशी कटकन मोडलं.
हिरवंगार पान.
दोघांनीही ऐकलं.
"ये आवाज समझ जाएगी," तो म्हणाला.
जाताना छावणीतून तिच्यासाठी
लवंगी सेव घेतली असेल त्याच डब्यात;
नेहमी घेतो.

होळीनंतरच्या मंगळवारी तो आला नाही.
बुधवारी आला. डावी भुवई नव्हती.
आईने यंदा काडी लावलीच नव्हती,
पहाटे झाडूने पाचोळाच ओढत बसायची.
आग पलीकडच्या टेकडीवरून आली,
कुणाची ते ठाऊक नाही,
आणि जाळीपाशी थांबली नाही.
मोह उभा आहे म्हणाला. एका बाजूने.

डबा मात्र आणला होता, आवळून,
नाल्याकाठची जी वाचली तिची पानं.
मी पेटीची काच सरकवली, पानं ठेवली.
तोंड मिटून उभे राहिलो.
त्याला खोकला आवरेना.
आकडा वर, खाली, पुन्हा वर.
पेन्सिल हातात धरून
मी थांबले.